पडद्यावरची वेळ : आकड्यांची मांडणी आणि वाचनीयता

संगणकाच्या लेखी वेळ म्हणजे अखंड वाढत जाणारी एक संख्या असते. युनिक्स या संगणकप्रणालीने रूढ केलेल्या आणि आज बहुतेक सर्व्हर व मोबाइल फोन पाळत असलेल्या संकेतानुसार ही मोजणी १ जानेवारी १९७० रोजी, जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री शून्यापासून सुरू होते आणि त्यानंतर सरलेला प्रत्येक सेकंद त्या संख्येत एकाची भर घालतो. या मोजणीतला १७० कोटीवा सेकंद पडद्यावर जसाच्या तसा दाखवला, तर तेथे १७०००००००० असा आकडा उमटेल. तो पूर्णपणे अचूक असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही. तोच क्षण जागतिक प्रमाणवेळेने १४ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीचे २२:१३:२० असा लिहिला जातो आणि तिच्या साडेपाच तास पुढे असलेल्या भारतीय प्रमाणवेळेने १५ नोव्हेंबरच्या पहाटेचे ०३:४३:२० असा. म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीत एका मांडणीनुसार तो दिवाळी पाडवा ठरतो आणि दुसऱ्या मांडणीनुसार भाऊबीज. मोजमाप एकच असूनही मांडणी बदलताच वाचणाऱ्याच्या हाती वेगळा दिवस पडतो.

यावरून या प्रकरणाचा विषय स्पष्ट होतो. वेळ किती सूक्ष्मपणे मोजावी आणि कशी साठवावी हा यंत्राचा प्रश्न आहे. ती कोणत्या एककात, किती अंकांत आणि कोणत्या चिन्हांनी दाखवावी हा मात्र वाचणाऱ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वाचणारा त्या आकड्याच्या आधारे काय करणार आहे, यावर अवलंबून असते. वाचनीय मांडणीच्या कसोट्या दोन आहेत : आकड्यावरून लगेच निर्णय घेता आला पाहिजे आणि शंका आल्यास तो आकडा वाचणाऱ्याला स्वतः पडताळता आला पाहिजे.

क्षण आणि अवधी

सॉफ्टवेअरमध्ये वेळेची मूल्ये मुख्यतः दोन प्रकारची असतात. घड्याळ व दिनदर्शिकेवरचा एखादा विशिष्ट बिंदू म्हणजे क्षण, आणि दोन क्षणांमधले अंतर म्हणजे अवधी. गाडी किती वाजता सुटणार हा क्षण आहे आणि तिला किती उशीर झाला आहे हा अवधी. दोन्ही गोष्टी तास, मिनिटे आणि सेकंद याच एककांत लिहिल्या जात असल्यामुळे मांडणी निष्काळजी असेल तर एक दुसऱ्यासारखा दिसू लागतो, आणि पडद्यावरच्या वेळेबाबतचे बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतात.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सोमटणे आणि रसायनी यांच्यानंतर आपटा स्थानक लागते. कोकणाकडे धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे न थांबता पुढे जातात आणि परिसरातल्या प्रवाशांची भिस्त थोड्या स्थानिक गाड्यांवर असते. एका गाडीनंतर दुसरी लगेच मिळत नाही, अशा स्थानकावर फलाटावर थांबावे की रस्त्याने पनवेल गाठावे, हा निर्णय मोबाइलवर दिसणाऱ्या एका आकड्यावरून घेतला जातो. समजा, १६:३० ला येणाऱ्या गाडीला ८५ मिनिटे उशीर आहे. हा अवधी ‘५१०० सेकंद’, ‘८५ मिनिटे’, ‘१.४२ तास’, ‘१:२५’ किंवा ‘१ तास २५ मिनिटे’ असा पाच तऱ्हांनी लिहिता येतो आणि गणिताच्या दृष्टीने पाचही रूपे जवळपास सममूल्य आहेत. तरीही पहिल्या रूपात प्रवाशाला साठाने दोनदा भागावे लागते, तिसऱ्यात अपूर्णांकाला साठाने गुणावे लागते आणि चौथे रूप तर सव्वा वाजून गेल्यावर दहा मिनिटांनी येणारी घड्याळातली वेळ वाटू शकते. दुसरे रूप ठीक आहे, पण मिनिटे साठाच्या बरीच पुढे गेली की वाचणारा मनातल्या मनात त्यांचे तास करू लागतो. पाचव्या रूपात असा कोणताही हिशेब उरत नाही.

म्हणून अवधी लिहिताना एककाचे नाव आकड्यासोबत असावे आणि द्विबिंदूची मांडणी शक्यतो क्षणासाठी राखून ठेवावी, हा पहिला व्यावहारिक नियम ठरतो. त्यातही प्रवाशाला खरी गरज उशिराची नसून गाडी प्रत्यक्ष येण्याच्या वेळेची असते. म्हणून ‘अपेक्षित आगमन १७:५५, उशीर १ तास २५ मिनिटे’ अशी दोन्ही मूल्ये एकत्र दिली, तर पहिल्यावरून निर्णय होतो आणि दुसऱ्यावरून त्याची पडताळणी. ही माहिती केव्हाची आहे, हे सांगणारी ‘४ मिनिटांपूर्वी अद्ययावत’ अशी ओळही तितकीच आवश्यक असते, कारण शिळी झालेली वेळ ताज्या वेळेइतक्याच आत्मविश्वासाने पडद्यावर उभी राहते. अलीकडच्या घटनांसाठी ‘इतक्या मिनिटांपूर्वी’ ही सापेक्ष मांडणी सोयीची असते. घटना एक-दोन दिवसांहून जुनी झाली की मात्र तारीख आणि वेळ स्पष्ट लिहिणेच योग्य, कारण ‘४१३ तासांपूर्वी’ यावरून कोणालाही दिवस ओळखता येत नाही.

किती सूक्ष्मता दाखवावी हेही उपयोगावरच ठरते. मुंबईच्या उपनगरी प्रवाशाच्या तोंडी ‘आठ सतराची फास्ट’ असते, कारण तेथे मिनिट हे त्या गाडीचे नावच बनलेले आहे आणि ते पंधराच्या पटीत बसवले तर गाडीची ओळखच पुसली जाईल. याउलट, कित्येक तास उशिरा धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचा दूरच्या स्थानकावरचा अंदाज मिनिटापर्यंत छापणे म्हणजे मोजमापात नसलेली खात्री वाचणाऱ्याला देणे होय.

टिंबाचा दुहेरी उपयोग

मराठी छपाईत वेळ लिहिताना तास आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब देण्याची पद्धत जुनी आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘सायं. ५.३० वा.’ असे छापले जाते, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत अर्जाची मुदत ‘२३.५९ वाजेपर्यंत’ अशी दिलेली आढळते. वाचणारा माणूस संदर्भावरून अर्थ लावतो, त्यामुळे कागदावर या पद्धतीने फारसे बिघडत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र हेच टिंब दशांशचिन्ह असते, आणि तास साठ भागांचा असताना दशांशपद्धती त्याचे शंभर भाग करते.

याचा परिणाम कामाच्या तासांच्या हिशेबात स्पष्ट दिसतो. आपट्याच्या शेजारी रसायनी-पाताळगंगा हा औद्योगिक पट्टा आहे आणि पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कोणत्याही कारखान्यात ओव्हरटाइमची नोंद हा रोजचा व्यवहार असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी ठरवली, म्हणजे या नोंदीतल्या प्रत्येक मिनिटाला दुप्पट मोल आले. समजा, एका कामगाराचा पाच दिवसांचा ओव्हरटाइम हजेरीपत्रकात १.४५, २.३०, ०.५०, १.२० आणि २.४५ असा लिहिला आहे आणि लिहिणाऱ्याला त्यात तास आणि मिनिटे अभिप्रेत आहेत. संगणकाने हे आकडे साधे दशांश समजून बेरीज केली, तर उत्तर ७.९० येते आणि मजुरी ७ तास ५४ मिनिटांची निघते. प्रत्यक्षात मिनिटांची बेरीज १९० आणि तासांची ६, म्हणजे एकूण ९ तास १० मिनिटे होतात. दुप्पट दराचे १ तास १६ मिनिटे काम हिशेबातून गळते, आणि पावतीवरच्या ‘७.९०’ या आकड्यात ही चूक उघड करणारे काहीच दिसत नाही. तोच हिशेब ‘१ ता. ४५ मि.’, ‘२ ता. ३० मि.’ असा मांडला असता, तर चूक होण्याची शक्यता मुळातच कमी झाली असती आणि झालीच असती तर कामगाराला ती बोटांवर मोजून पकडता आली असती.

दुसरा धोका स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या कोष्टक-सॉफ्टवेअरमध्ये असतो. तेथे वेळ दिवसाचा अंश म्हणून साठवली जाते. दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि पूर्ण चोवीस तास म्हणजे १. तास-मिनिटांची नेहमीची मांडणी या संख्येतला केवळ अपूर्णांक घड्याळासारखा दाखवते आणि पूर्ण दिवस दृष्टीआड करते. त्यामुळे आठवड्याचे ४८ तास भरलेल्या कामगाराची बेरीज आत बरोबर २ एवढी असूनही चौकटीत ‘००:००’ उमटते. साठवलेले मूल्य येथे बिनचूक असते. चुकलेली असते ती निवडलेली मांडणी, कारण तिने अवधीला क्षण समजलेले असते. एक्सेलमध्ये तासाचे चिन्ह चौकटी कंसात लिहिले की चोवीसच्या पुढचे तासही मोजले जातात आणि ‘४८:००’ हे अपेक्षित उत्तर दिसू लागते.

प्रमाणवेळेतील फरकही याच टिंबात अडकतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, हे काही सॉफ्टवेअरमध्ये ५.५ असे साठवले जाते आणि काही ठिकाणी ०५:३० असे. एका ठिकाणचा ५.३० दुसऱ्या ठिकाणी दशांश म्हणून वाचला गेला, तर १२ मिनिटांची तफावत पडते. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि शहरातल्या काही व्यवहारांत ती त्यानंतरही अनेक वर्षे टिकून राहिली. जुन्या नोंदी संगणकात भरताना हा फरक दशांशात ४.८५ असा होतो. ती संख्या पाहून तिच्यात ५१ मिनिटे आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात येणार नाही.

मध्यरात्रीची सीमा

दिवस कोठे संपतो, हा प्रश्न मांडणीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. ‘१५ ऑगस्ट, रात्री १२’ असे लिहिले असता पंधरा तारीख सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हे निश्चित सांगता येत नाही. मुदतीसाठी २३:५९ हा आकडा रूढ झाला तो याच अडचणीमुळे; दिवसातले शेवटचे एक मिनिट सोडून दिले, तर तारखेबाबत शंकेला जागा उरत नाही. रेल्वेच्या चोवीस तासांच्या पद्धतीत ००:१० हा आकडा स्वतः निःसंदिग्ध असतो, परंतु ‘शनिवारी रात्री’ निघण्याच्या विचारात असलेला प्रवासी शनिवारचे तिकीट काढतो आणि गाडी शुक्रवार संपून दहा मिनिटांनी निघून गेलेली असते. अशा ठिकाणी ‘शुक्रवार-शनिवार मध्यरात्र, ००:१०’ एवढी जोड दिली की बराचसा गोंधळ टळतो.

या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर पंचांगाच्या परंपरेत आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा असतो आणि त्याचे ६० घटी असे भाग होतात. एक घटी २४ मिनिटांची, तिची ६० पळे आणि एक पळ २४ सेकंदांचे. तिथी सूर्योदयानंतर किती घटी-पळांनी संपते, हे त्याच वाराच्या ओळीत लिहिले जात असल्यामुळे मध्यरात्र ओलांडली तरी ओळ बदलत नाही. घड्याळाच्या तासांकडे वळलेल्या काही डिजिटल पंचांगांनी हीच सोय राखण्यासाठी मध्यरात्रीनंतरच्या १ वाजून २० मिनिटांना २५:२० असे लिहिण्याचा पर्याय ठेवला आहे. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रके संगणकांमध्ये देवाणघेवाण करण्यासाठी अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या जीटीएफएस या संकेतातही नेमके हेच तत्त्व आहे : एका दिवसाच्या सेवेतली शेवटची गाडी रात्री १ वाजून ३५ मिनिटांनी पोहोचत असेल, तर तिची वेळ २५:३५:०० अशी नोंदवतात, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या कामाचा भाग असते.

ही मांडणी हिशेबाला उत्तम आहे आणि वेळापत्रक तयार करणाऱ्याला ती सहज वाचता येते. परंतु फलाटावर उभ्या असलेल्या माणसापुढे २५:३५ ठेवता येणार नाही. त्याच्यासाठी नवी तारीख आणि ‘रात्री १:३५’ असेच लिहिले पाहिजे. एकाच मूल्याला दोन वाचकांसाठी दोन रूपे देणे हे सॉफ्टवेअरचे कर्तव्य आहे, आणि कागदाला न जमणारी ही गोष्ट त्याला सहज जमते.

बारा तासांची पद्धत वापरायची झाल्यास मराठीत पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री हे शब्द आकड्याआधी घालण्याची सवय फार उपयुक्त ठरते. इंग्रजी एएम-पीएम पद्धतीत दुपारचे बारा कोणत्या बाजूला घालावेत यावर गोंधळ होतो. ‘दुपारी १२’ म्हटल्यावर तो उरत नाही.

एकक, सूक्ष्मता आणि पूर्णांक

आतापर्यंतची उदाहरणे तास-मिनिटांची होती. सॉफ्टवेअरच्या आतल्या घडामोडी मात्र सेकंदाच्या हजाराव्या, दहा लाखाव्या आणि अब्जाव्या भागांत, म्हणजे अनुक्रमे मिलिसेकंद, मायक्रोसेकंद आणि नॅनोसेकंद या एककांत मोजल्या जातात. ‘०.००००३४ सेकंद’ असे लिहिले की वाचणाऱ्याला शून्ये मोजावी लागतात आणि एखादे शून्य नजरेतून सुटले की अर्थ दहापटीने बदलतो. ‘३४ मायक्रोसेकंद’ हे तेच मूल्य एका दृष्टिक्षेपात वाचता येते. म्हणून सुटे मूल्य दाखवताना आकडा एक ते हजार यांच्या दरम्यान राहील असे एकक निवडावे आणि पहिले तीन अर्थपूर्ण अंक ठेवून बाकीचे सोडून द्यावेत, हा संकेत बहुतेक ठिकाणी पुरेसा ठरतो.

मूल्ये एकाखाली एक स्तंभात मांडायची असतील, तर मात्र हा नियम उलटवावा लागतो. ‘९०० मायक्रोसेकंद’ आणि त्याखाली ‘१.२ मिलिसेकंद’ अशी मांडणी केली, तर नजर नऊशेला मोठे ठरवते, वस्तुतः दुसरे मूल्य मोठे असते. तुलना हा उद्देश असला की संपूर्ण स्तंभाला एकच एकक द्यावे, ते शीर्षकात लिहावे आणि दशांशचिन्हे एका रेषेत आणावीत.

पूर्णांकात रूपांतर करण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. ११९.७ सेकंदांचा अवधी मिनिटे-सेकंदांत दाखवायचा आहे, असे समजावे. आधी मिनिटे वेगळी काढली तर १ मिनिट आणि ५९.७ सेकंद मिळतात, आणि मग सेकंद जवळच्या पूर्णांकात नेले की ‘१ मिनिट ६० सेकंद’ असे अशक्य उत्तर पडद्यावर येते. आधी संपूर्ण मूल्य १२० सेकंद करून मग त्याचे भाग पाडले, तर ‘२ मिनिटे’ हे योग्य उत्तर मिळते. थोडक्यात, पूर्णांकन सर्वांत आधी आणि एकदाच करावे, विभागणी त्यानंतर करावी.

अंकांची लिपी आणि आकार

मराठी वाचकासाठी वेळ देवनागरी अंकांत दाखवावी की आंतरराष्ट्रीय अंकांत, हा प्रश्न आपल्याकडे रोजच्या व्यवहाराचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ ने संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले आहे, तर राज्याच्या मराठी व्यवहारात देवनागरी अंक सर्रास दिसतात. त्यामुळे एकच प्रवासी एसटीच्या फलकावर एका रूपात आणि रेल्वेच्या फलकावर दुसऱ्या रूपात वेळ वाचतो. भाषानिहाय संकेतांचा जो सामाईक साठा युनिकोड संस्था राखते, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हाच मूळ पर्याय आहे. दोन्ही रूपे योग्य आहेत. अयोग्य आहे ती एकाच पडद्यावरची सरमिसळ. देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय नऊ यांचे आकार इतके जवळचे आहेत की, लहान अक्षरांत घाईने वाचणाऱ्याला एक वाजता सुटणारी गाडी नऊची वाटू शकते.

मराठी टंकलेखनातली आणखी एक अडचण अशीच सहज नजरेत न येणारी आहे. तास आणि मिनिटे यांच्यामध्ये द्विबिंदूऐवजी अनेकदा विसर्गाचे चिन्ह टाइप केले जाते. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी संगणकाच्या लेखी ती पूर्णपणे भिन्न अक्षरे आहेत. अशी नोंद वेळ म्हणून ओळखली जात नाही, क्रमवारीत भलतीकडे जाते किंवा बेरजेतून वगळली जाते. माहिती भरून घेणाऱ्या सॉफ्टवेअरने विसर्ग, टिंब आणि द्विबिंदू ही तिन्ही चिन्हे स्वीकारावीत, लागलीच ‘५ वाजून ३० मिनिटे’ असे स्पष्ट रूप दाखवून भरणाऱ्याकडून दुजोरा घ्यावा आणि साठवताना मात्र एकच ठरावीक रूप वापरावे. साठवणीसाठी आयएसओ ८६०१ हे १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक उपयोगी पडते. त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम असल्यामुळे नोंदी साध्या अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमानेच लागतात, आणि ०३/०४ म्हणजे भारतीय पद्धतीने ३ एप्रिल की अमेरिकी पद्धतीने ४ मार्च, हा वाद उद्भवत नाही.

सतत बदलणाऱ्या आकड्यांच्या बाबतीत अंकांची रुंदीही पाहावी लागते. सर्व अंक समान रुंदीचे नसलेल्या टंकात घड्याळ चालू लागले की दर सेकंदाला संपूर्ण ओळ डावी-उजवीकडे हलते आणि नजर स्थिरावत नाही. समान रुंदीचे अंक आणि ‘०९:०५’ प्रमाणे आधी लावलेले शून्य या दोन गोष्टींनी ती हालचाल थांबते.

वरवर पाहता हे सारे सजावटीचे तपशील वाटतात, आणि प्रकल्पाच्या शेवटी, उरलेल्या वेळात ते उरकण्याचीच प्रथा आहे. वस्तुतः मांडणीतल्या चुकीची किंमत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती गाडी चुकलेला प्रवासी, मुदत हुकलेला उमेदवार आणि दुप्पट दराचे तास गमावलेला कामगार मोजतात. या तिघांपैकी कोणालाही आतली साठवलेली संख्या दिसत नाही, त्यांच्यापुढे फक्त पडद्यावरचा आकडा असतो. म्हणून तो आकडा कोणत्या एककात आहे, क्षण आहे की अवधी, कोणत्या दिवसाचा आहे आणि केव्हा नोंदवला गेला, हे त्याच्यावरूनच कळले पाहिजे. एवढे साधले, तर यंत्राने केलेला हिशेब सामान्य वाचकालाही तपासता येतो, आणि चूक झाली असेल तर ती दाखवून देण्याचे साधन त्याच्याच हाती राहते.